दोरीला एक हिसका

७ ऑक्टोबर

कानाच्या डॉक्टरांनी ही डायरी लिहायला लावली आहे. "चक्कर कधी येते, काय करत असताना येते, सगळं लिहून ठेवा," म्हणाले. शाळेत निबंधाचं नाव काढलं की ज्याच्या पोटात दुखायचं, तो माणूस पन्नाशी ओलांडल्यावर लेखक होणार.

चक्कर: एकदा. डॉक्टर "यापुढे पाण्याखाली जायचं नाही, कधीच नाही" म्हणाले तेव्हा. ही कानाच्या खात्यात धरायची की नाही, विचारायचं राहिलं.

मी बंदरातला पाणबुड्या. जहाजांची बुडं खरवडायची, पंख्यात अडकलेली जाळी कापायची आणि मोठ्या लोकांनी पाण्यात पाडलेले चष्मे शोधून द्यायचे, हा माझा धंदा. गेल्या महिन्यात घाईघाईने वर आलो आणि उजवा कान कामातून गेला. डॉक्टरांनी कानाच्या आतलं चित्र दाखवलं. तिथे एक गोगलगाय बसलेली असते. माझ्या गोगलगाईला तडा गेला आहे. पुन्हा खाली गेलो तर डावा कानही जाईल, किंवा पाण्यातच चक्कर येऊन वर कुठे आणि खाली कुठे तेच कळणार नाही.

"ते मला जमिनीवरही कधी नीट कळलं नाही," मी म्हणालो. डॉक्टर हसले नाहीत. शेजारी बसलेली बायकोही हसली नाही.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं झालं, सुटलो." मग स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ तशीच उभी राहिली. भांडं एकही घासलं नाही. पाणी वाया घालवायची तिची ही सवय नवीनच दिसते.

१९ ऑक्टोबर

चक्कर: दोनदा. एकदा स्टुलावर चढून बल्ब बदलताना, एकदा खाली उतरून त्या बल्बकडे कौतुकाने बघताना.

भोपळा येऊन गेला. भोपळा म्हणजे माझा दोरीवाला. अंगाने गोल आणि पाण्यात टाकला तरी बुडणार नाही असा, म्हणून भोपळा. मी खाली काम करायचो आणि तो बोटीत बसून माझ्या कमरेची दोरी धरायचा. वरून एक हिसका आला की अर्थ, "बरा आहेस ना?" खालून एक हिसका दिला की, "बरा आहे." दोन म्हणजे दोरी सैल सोड. चार म्हणजे वर ओढ. एवढ्याशा भाषेवर आम्ही दोघांनी जन्म काढला. आता माझ्या जागी तोच खाली जाणार आहे. मी तोंडभरून शाबासकी दिली, आणि तो गेल्यावर जेवलो नाही.

बायको त्याला खोदून खोदून विचारत होती. किती हिसके, कोणी आधी द्यायचे, उत्तर आलं नाही तर काय करायचं. मला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. समुद्राचं नाव काढलं की तिचं तोंड कडू व्हायचं. आता नवरा घरी बसला, तर बाईंना चौकशा सुचतात.

३१ ऑक्टोबर

चक्कर: नाही. वैताग: दिवसभर.

बायकोला नवीन खोड लागली आहे. उजव्या बाजूने मला ऐकू येत नाही, म्हणून येताजाता माझी बाही ओढते. एकदाच ओढते आणि पुढे काही बोलत नाही. "काय?" म्हटलं तर "काही नाही." मग मीही चिडून बाही हिसकून परत घेतो. एवढं झालं की ती निमूटपणे कामाला लागते. माझ्या सगळ्या शर्टांच्या उजव्या बाह्या लांब झाल्या आहेत.

१४ नोव्हेंबर

चक्कर: नाही.

वेळ जात नाही म्हणून सकाळी मासळीबाजारात जाऊन बसतो. आज मासळी कापणाऱ्या काकूंनी एक पट्टेरी मुशी फाडली. शार्कच्याच जातीतली ही, पण हातभर लांबीची आणि स्वभावाने गरीब. पोटातून चपटी, तपकिरी, चामडी पाकिटासारखी दोन अंडी निघाली. काकूंनी ती घाणीच्या बादलीत टाकली.

मला ही मुशी खालून ओळखीची. जुन्या धक्क्याच्या खांबांशी पूर्वी एकेक पडून असायची. बाकीचे मासे मला बघून पळायचे, ही एक डोळा उघडून बघायची आणि पुन्हा झोपायची. मी मनात म्हणायचो, चला, बंदरात आपल्यापेक्षा आळशी कोणीतरी आहे. आज बसल्या बसल्या आठवू लागलो, की शेवटची कधी दिसली होती? आठवेना. खांब रिकामे झाले आणि मला पत्ताही नाही.

बादलीतून अंडी काढून घेतली. का घेतली ते सांगता येणार नाही. रिकामा माणूस घरी काहीही घेऊन येतो.

काकू म्हणाल्या, "खायची नाहीत हं ती."

"वाढवणार आहे," मी म्हणालो. हे मलाही तेव्हाच कळलं.

२ डिसेंबर

चक्कर: एकदा, वासाने.

सहा अंडी जमली होती. बाथरूममधल्या मोठ्या टबात समुद्राचं पाणी भरून, हवेचा पंप लावून ठेवली होती. आम्ही दोघं कोपऱ्यात एका पायावर उभं राहून आंघोळ करत होतो. आज त्यातली चार सडली.

पाणी मी बंदराच्या पायऱ्यांवरून आणलं होतं. बायकोने टबात बोट बुडवून हुंगलं आणि माझ्या नाकाखाली धरलं.

"हे काय आहे?"

"समुद्राचं पाणी."

"अहो, गॅरेजचं आहे हे."

खरं होतं. वर डिझेलचा रंगीत तवंग होता. जन्मभर त्याच पाण्यात काम केल्यामुळे तो मला दिसतच नाही. मला समुद्राचा वास म्हणजे तोच वाटतो. जगातल्या कुठल्याही शहाण्या माणसाने हे पाणी घेतलं नसतं. त्यासाठी बंदरातला पाणबुड्याच हवा.

चार अंडी कागदात गुंडाळून टाकून आलो. अंड्यांसाठी रडणारा माणूस लोकांना दिसू नये म्हणून लांबच्या रस्त्याने गेलो. परत आलो तर बायको म्हणाली, "उरलेलीही द्या फेकून, मला बाथरूम हवंय." मी म्हटलं, माझ्या अंगावरून जावं लागेल. ती म्हणाली, "बघू."

१६ डिसेंबर

चक्कर: असेल. लक्ष नव्हतं.

माझी पाण्याखालची बॅटरी अंड्याच्या मागे धरली की आतलं दिसतं. इतके दिवस नुसता पिवळा बलक दिसायचा. आज त्या बलकाला चिकटून दोऱ्याएवढा एक जीव वळवळत होता! दुसऱ्या अंड्यातही तेच. मी ओरडलो. बायको धावत आली. तिला वाटलं मी पडलो. तिने बॅटरी हातात घेऊन पाहिलं, पाहतच राहिली, आणि मग म्हणाली, "गॅसवर दूध आहे माझं." दूध उतू गेलं होतं. हा दोषही माझ्याच नावावर जमा झाला.

८ जानेवारी

चक्कर: नाही.

"मुशी बचाव मंडळ" स्थापन झालं. अध्यक्ष मी. सभासद भोपळा. त्याने वर्गणीऐवजी बिस्किटं आणली आणि त्यानेच संपवली. सकाळी बाजारात उभं राहून मच्छीमारांना सांगतो की जाळ्यात पोटुशी मुशी आली तर परत सोडा. ते मान डोलावतात आणि पुढे जातात. काकूंनी बजावलं, "अंडी हवी तेवढी ने. पण माझ्या गिऱ्हाइकाला भाषण दिलंस तर सुरी माझ्या हातात आहे, लक्षात ठेव." एक तरुण मच्छीमार मात्र मागे वळून "सोडली तर जगते का?" म्हणाला. मी त्याला अर्धा तास उत्तर दिलं. आता तो मला बघितलं की रस्ता बदलतो.

शास्त्रीय प्रगतीही आहे. माझ्या लक्षात आलंय की टबातलं पाणी बदलावंच लागत नाही. डिसेंबरात नवं पाणी भरल्यापासून मी महिनाभर बदललं नाही, तरी ते आरशासारखं स्वच्छ आहे. समुद्र स्वतःला शुद्ध करतो, तसा टबही करत असणार. यावर वाचनालयात छोटं व्याख्यान दिलं. भोपळ्याला मधेच खोकल्याची जबरदस्त उबळ आली आणि तो बाहेर निघून गेला.

बायकोचे खांदे दुखतात. काही जड उचलत नाही म्हणते, मग का दुखतात कोण जाणे. वय.

२ फेब्रुवारी

चक्कर: एकदा, संशयाने.

घरात काहीतरी शिजतंय. बायको आठवड्यातून तीनदा सकाळी "पाठीच्या व्यायामाला" जाते. येते ती केस ओले आणि अंगाला फरशी पुसायच्या औषधासारखा वास. कपाळावर आणि गालांवर गोल वळ. एवढा कसला व्यायाम असतो? आणि भोपळा दारात आला की दोघं कुजबुजतात, तेही माझ्या उजव्या बाजूला उभं राहून, म्हणजे मला कळू नये.

आज बघतो तर खुंटीवरचा माझा पाण्यातला चष्मा गायब. वजनासाठी कमरेला बांधायचा शिशाचा पट्टाही जागेवर नाही. म्हणजे माझी हत्यारं एकेक करून विकायला काढली आहेत. मी पुन्हा पाण्यात जाऊ नये म्हणून हा कट. विचारणार होतो, पण खरं उत्तर मिळालं असतं तर काय करायचं?

ती टबापाशी बसून हलक्या आवाजात पुटपुटत असते. मला नुसते ओठ हलताना दिसतात. मला शिव्या देत असणार. पण शिव्या देताना एवढी हसते का, ते कळत नाही.

११ मार्च

आलं! एक पिल्लू आलं!

सकाळी दात घासायला गेलो तर टबाच्या तळाशी वीतभर लांबीची, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक शहाणी मुलगी आरामात पडली होती. पाकीट शेजारी रिकामं. मी तोंडात ब्रश तसाच ठेवून खाली बसलो. तिने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. अगदी तीच नजर. मला वाटलं होतं ती नजर आता पुन्हा दिसायची नाही. तोंडातल्या फेसासकट रडलो. बायकोने पाठीवर हात ठेवला, मग बाही एकदा ओढली. मीही ओढली.

दुसरं अंडं निघालं नाही. आतलं हलणं थांबलं होतं. सहांतून एक.

पिल्लाचं नाव आळशी ठेवलंय. कोळंबीचा बारीक तुकडा नाकासमोर धरला तरी विचार करून खाते.

२४ एप्रिल

चक्कर: रोज थोडी. मुद्दाम लिहिली नव्हती.

आळशी मोठी होते आहे. आता तिला समुद्रात न्यायला हवं. नुसती बोटीतून टाकून चालणार नाही. खाली पोचेपर्यंत मोठे मासे तिचा घास करतील. दीपस्तंभाच्या पलीकडे खडक आहेत, तळ फार खोल नाही. तिथे जाऊन हाताने तिला कपारीत ठेवून यायचं. काही मिनिटांचं काम.

भोपळ्याला सांगता येईल. पण मग मी कोण? बाजारात भाषण देणारा आणि वाचनालयात टबावर बोलणारा म्हातारा. एका पिल्लासाठी इतके महिने घालवायचे आणि शेवटी दुसऱ्याच्या हातात द्यायचं? मी स्वतः जाणार आहे. डॉक्टर "कधीच नाही" म्हणाले होते, पण त्यांना आळशी माहीत नव्हती.

भीती वाटते, ती इथे लिहून ठेवतो, कारण बाहेर कोणाला सांगणार नाही. काल बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून श्वास रोखून पाहिला. बादली फिरली. खरं तर मीच फिरलो. बायको दारात उभी होती.

"काय करताय?"

"तोंड धुतोय."

"बादलीत?"

मी बाही पुढे केली. म्हटलं, ओढ एकदाची आणि जा. तिने ओढली नाही. पहिल्यांदाच.

१० मे

सावकाश लिहितो.

सकाळी भोपळ्याची बोट ठरवली होती. मी घरी सांगितलं, मंडळाची सभा आहे. पिशवीत पाणी भरून त्यात आळशीला ठेवलं, आणि माझा पाण्यातला पोशाख काखोटीला मारायला गेलो तर तोही नाही. कट पूर्ण झाला होता. म्हटलं, नुसत्या लंगोटीवर जाईन, पण जाईन.

बोटीवर पोचलो. भोपळा खाली मान घालून दोरी उलगडत होता. आणि त्याच्या मागे, माझा पोशाख घालून, पायापाशी तीन घड्या दुमडून, कमरेला माझा शिशाचा पट्टा, पाठीवर हवेची टाकी आणि कपाळावर माझा चष्मा चढवून बायको बसली होती.

मला वाटलं, नेहमीपेक्षा मोठी चक्कर आली.

"तू?"

"मी. पोहायला शिकले. मग भोपळेभाऊजींनी पुढचं शिकवलं. आधी पोहण्याच्या तलावात, मग दीपस्तंभापलीकडच्या खडकांवर. तिथे पाणी आणायला जात होतोच आम्ही."

"कसलं पाणी?"

भोपळ्याला पुन्हा तोच खोकला आला. "उस्ताद, टब स्वतःला शुद्ध करत नसतो," तो म्हणाला.

मी खवळलो. वाट्टेल ते बोललो. तुला काही झालं तर? समुद्र काय पोरखेळ आहे? खाली काय असतं ते तुला ठाऊक तरी आहे का? मी इथे वर बसून काय करू? ती सगळं ऐकून घेत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "झालं? हेच सगळं मी रोज सकाळी मनात म्हणायचे, तुम्ही डबा घेऊन निघालात की. फरक एवढाच, की माझ्या हातात दोरी नव्हती."

मग तिने दोरीचं टोक माझ्या हातात दिलं. "तुम्ही इतकी वर्षं खाली काय बघत होता, ते मला एकदा बघायचंय. आणि ही पोर काही तुमच्या एकट्याची नाही."

मी आळशीची पिशवी तिच्याकडे दिली. "कपारीत तोंड आतल्या बाजूला करून ठेव," एवढंच म्हणालो.

बोट खडकांपाशी पोचल्यावर ती भोपळ्याबरोबर पाण्यात उतरली. दोरी माझ्या हातातून सरकू लागली. सरकत राहिली. थांबली. पाण्यावर बुडबुडे, बाकी काही नाही. मी जन्मभर त्या पाण्याच्या खालच्या बाजूला होतो. वरून ते असं दिसतं, हे मला कधी माहीतच नव्हतं. काहीच दिसत नाही. नुसतं थांबायचं.

मी एक हिसका दिला. बरी आहेस ना?

उत्तर नाही.

पुन्हा द्यायचा नसतो, घाई करायची नसते. हे मीच भोपळ्याला शिकवलं होतं. मी दोरीकडे बघत राहिलो, आणि तेव्हा मला माझी बाही आठवली. एकदा ओढायची, आणि मी चिडून परत ओढली की निमूटपणे कामाला लागायची. ऑक्टोबरपासून. दिवसातून किती वेळा. ती विचारत होती आणि मी मूर्ख, न कळता, प्रत्येक वेळी बरा आहे म्हणून उत्तर देत होतो.

समुद्र एका बाजूला कलला. बोट कलली. दीपस्तंभ गोल फिरला. मी बोटीच्या तळाशी गुडघ्यांवर बसलो, डोळे मिटले आणि दोरी छातीशी धरली.

दोरीला खालून एक हिसका आला.

मी "बरी आहे, बरी आहे!" असं ओरडलो. ऐकायला कोणी नव्हतं. मग दोन हिसके आले. दोरी सैल सोडली. तिला अजून थोडं पुढे जायचं होतं. बराच वेळ गेल्यावर चार आले, आणि मी तिला वर ओढलं. कोणाला वर ओढायची माझी ही पहिलीच वेळ.

वर आली ती हसत. चष्मा काढला तर कपाळावर आणि गालांवर तेच गोल वळ. धाप लागली होती, तरी बोलायची घाई. "अहो, तोंड आतल्या बाजूला करून ठेवलं, तर वळली आणि बाहेर तोंड करून झोपली! एक डोळा उघडून बघितलं माझ्याकडे. आणि अजून एक होती तिथे. मोठी."

"मोठी काय?"

"मुशी. पट्ट्यांची. खडकाखाली पडून होती. मला बघून पळालीसुद्धा नाही."

भोपळाही मान हलवत होता, म्हणजे खरं होतं. मला पुढचं काही ऐकू आलं नाही, आणि ते कानामुळे नव्हतं.

घरी आलो. टब रिकामा करून धुतला. आता बाथरूम भलतंच मोठं वाटतं. मी आत उभा होतो तर ती मागून आली, उजव्या बाजूने, आणि बाही एकदा ओढली.

मी बाही हिसकली नाही. तिची बाही शोधली, आणि एकदा हळूच ओढली.

चक्कर: एकदा, बोटीत. दोरी सोडली नाही.